युनूसभाईंचे कान

युनूसभाईंनी मला पहिला पिक्चर सांगितला तो हातांनी. चटईच्या कारखान्यातला माझा पहिलाच दिवस होता. शेडमधली सगळी मशीनं एकदम खडखडत होती आणि मी भिंतीशी शिलाईवर बसून रडकुंडीला आले होते. समोरच्या मशीनवरचा एक उंच माणूस, दाढीला मेंदी लावलेला, माझ्याकडे बघून हातवारे करत होता. एक हात वर गेला, दुसऱ्याने त्याच्याभोवती गोल फेरी मारली, मग दोन्ही एकमेकांवर आपटले आणि या बाबाने जीभ बाहेर काढून मान टाकली. मला वाटलं, माणूस वेडा आहे नाहीतर आगाऊ आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर लिंबाखाली गेले आणि सरळ विचारलं, "काय हो, मघाशी काय चाललं होतं?" तो एवढ्या जोरात बोलला की मी दोन पावलं मागे सरकले. "ताई, पिक्चर सांगत होतो! यान ग्रहावर आपटतं, सगळे मरतात. पण तू टेन्शन घेऊ नको. इंटरव्हलनंतर एक जण उठतो!"

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने पुष्कळ. प्लॅस्टिकच्या रंगीत नळ्यांची चटई विणणारं मशीन दिवसभर हाणामारी केल्यासारखं वाजतं. आत तोंडाने बोलून उपयोग नाही, म्हणून सगळं हातांनी. नळी तुटली, चहा आला, शेठ आला, सगळ्याला खुणा. (शेठ आला म्हणजे पोटावरून हात फिरवायचा.) बाकीचे एवढ्यावर थांबायचे. युनूसभाई मात्र त्याच खुणांमध्ये अख्खा पिक्चर बसवायचे, आणि तोही फक्त अंतराळातला. प्रेमाचे, मारामारीचे, सासू-सुनेचे पिक्चर त्यांना चालायचे नाहीत. "भांडण बघायला तिकीट कशाला काढायचं? शमीम घरी फुकट दाखवते," असं म्हणायचे. शमीमभाभी शेजारी असल्या तर आणखी मोठ्याने म्हणायचे.

अंतराळ का, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "बघ ताई, वर हवा नाही. हवा नाही तर आवाज नाही. आवाज नाही तर मालक ओरडणार कसा?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसले. एका पिक्चरमध्ये पृथ्वीवरचं पाणी संपतं आणि लोक बर्फाचा एक भला मोठा गोळा आकाशातून ओढून आणायला निघतात. त्यावर ते आठवडाभर चिडलेले होते. "आणला गोळा, मान्य. उतरवणार कुठे? मेहरूणच्या तलावात? पूर येईल ना, येडपट कुठले!" शास्त्रज्ञांवर त्यांचा भारी राग होता. पण पुढच्या सुट्टीला तोच पिक्चर पुन्हा बघून आले.

आमचे मोबाईल गेटवर जमा व्हायचे. कामात लक्ष लागत नाही म्हणे. पण काडीपेटीएवढे ते स्वस्तातले प्लेअर असतात ना, कार्ड टाकून इअरफोनने कानात गाणी वाजवणारे, त्यांना कुणी अडवत नव्हतं. बसस्टँडजवळच्या फुटपाथवर ढिगाने मिळायचे. युनूसभाई ते आणायचे, कुणाला कॉलरला अडकवून द्यायचे, कुणाच्या पदराला, आणि कार्डात गाण्यांबरोबर हिंदीत डब केलेल्या अंतराळपटांचा नुसता आवाज भरून द्यायचे. मी कडा शिवत असायची आणि माझ्या कानात कुणीतरी कॅप्टन ओरडत असायचा की इंधन संपत आलंय. खोटं कशाला सांगू, दिवस बरा जायचा.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, मशीनचा आवाज वाईट आणि आपलं गाणं चांगलं. मशीन ऐकू येऊ नये म्हणून गाणं मोठं करायचं. उन्हाळ्यात पंखे लागले की आणखी मोठं. मशीनच्या वर गाणं, गाण्याच्या वर कॅप्टन, सगळं थेट कानाच्या पडद्यावर. युनूसभाई म्हणायचे, "मशीनचा आवाज शेठचा. हा आपला." किती गोड वाटायचं ऐकायला! कान तर एकच होते, त्यांना शेठचा कुठला आणि आपला कुठला हे कसं कळणार? कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम ज्याचं होतं तो काचेच्या केबिनमध्ये एसी लावून बसला होता.

बाजारात चटईवाले आवाजावरून ओळखू येतात. चहाच्या टपरीवर आम्ही बोलायला लागलो की बाकीचे हसतात, "आले बघा लाऊडस्पीकर." मला असा संताप यायचा! युनूसभाई मात्र हसून त्यांनाच चहा पाजायचे. त्यांच्या या हसण्याचाही मला राग यायचा. माणसाने कधीतरी कप आपटावा की नाही?

एकदा मात्र त्यांनी स्वतःहून विषय काढला. बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला आले, तेव्हा शेठने त्यांच्या कानांवर मोठी जाड झाकणं लावून त्यांना फिरवलं. युनूसभाईंनी ते बघितलं. सुट्टीत मला म्हणाले, "ताई, चल माझ्याबरोबर, तुझं तोंड चालतं." आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "शेठ, पाहुणे घटकाभर आले होते. आम्ही इथेच असतो. आम्हालाही द्या ना ती झाकणं." शेठ गोड हसला. "बघू, दिवाळीला काहीतरी करू," म्हणाला.

दिवाळीला केलं बुवा काहीतरी. मिठाईच्या डब्याबरोबर प्रत्येकाला एकेक नवा कोरा प्लेअर. निळा, वर कारखान्याचं नाव छापलेलं, सोबत इअरफोन. शेठ भाषणात म्हणाला, "तुम्ही कान झाकायला मागत होतात, घ्या, कानही झाकले जातील आणि करमणूकही होईल." आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. युनूसभाईंनी तो प्लेअर खिशावर असा लावला, की जणू सरकारने बिल्ला दिलाय.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सुट्टीला ते आम्हाला पिक्चरला घेऊन गेले. शमीमभाभी, मी आणि ते. पिक्चरमध्ये एक ग्रह फुटतो. थिएटर असं हादरलं की भाभींच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या आणि पुढच्या रांगेतलं एक लेकरू किंचाळून रडायला लागलं. मी छातीला हात लावून युनूसभाईंकडे बघितलं. ते शांतपणे शेंगा सोलत होते. डोळे पडद्यावर, चेहऱ्यावर समाधान. बाहेर आल्यावर म्हणाले, "आजकालचे पिक्चर सुधारले बरं का. पूर्वी किती आवाज करायचे. आता बघ, ग्रह फुटला तरी एकदम शांत. असंच असतं तिथं. शेवटी शिकले हे लोक!"

भाभींनी माझ्याकडे बघितलं, मी भाभींकडे. भाभी हळूच म्हणाल्या, "घरी कुकरची शिटी झाली तरी उठत नाहीत. मला वाटायचं, आळस करतात. मी किती बोलले त्यांना." युनूसभाई पुढे चालत होते, मागून रिक्षावाला हॉर्न मारून मारून थकला होता. मी धावत जाऊन त्यांना बाजूला ओढलं. तर हसून म्हणतात, "काय ताई, यान आलं का?"

त्यानंतर कारखान्यात कानतपासणीचं शिबिर झालं. शेठने हौसेने ठेवलं नव्हतं, वरून कुठून तरी सांगणं आलं होतं. एक तरुण डॉक्टरीण बाई आल्या. आधी त्या अर्धा तास नुसत्या शेडमध्ये उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "इथे माणसं अशीच काम करतात? काहीही न लावता?" मशीनवरच्या बहुतेकांचे कान कमी-जास्त गेलेले निघाले. माझ्याही डाव्या कानात तेव्हापासून, म्हणजे खरं तर आधीपासूनच, रातकिडा वाजतोय. युनूसभाईंचं तर जवळजवळ सगळंच संपलं होतं. बाईंनी ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि कुणाला त्रास नको म्हणून की काय, अगदी हळू आवाजात म्हणाले, "अच्छा. म्हणून शांत होते पिक्चर."

मी त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन रडले. राग आला की मला रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो.

पुढच्याच आठवड्यात शेठने सगळ्यांना अंगणात उभं केलं. म्हणाला, "दिवसभर कानात गाणी कोंबता, मग कान जाणार नाहीत तर काय होईल? आजपासून प्लेअर बंद. आणि ज्याला ऐकू येत नाही तो मशीनवर उभा राहणार नाही. उद्या हात अडकला तर जबाबदारी कुणाची?" मशीनने ज्याचे कान खाल्ले, त्यालाच कान नाहीत म्हणून मशीनवरून काढलं! ऐकताय ना? माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. हलकं काम द्या, नळ्या मोजायला बसवा, मालाच्या गाडीजवळ उभं करा, असं मी म्हणून बघितलं. "जागा नाही," म्हणाला.

युनूसभाई केबिनमध्ये गेले, मी मागोमाग. त्यांनी खिशावरचा निळा प्लेअर काढून टेबलावर ठेवला, छापलेलं नाव शेठच्या बाजूला करून. शेठचा चेहरा क्षणभर उतरला, मग तो म्हणाला, "हे मी प्रेमाने दिलं होतं, युनूस." युनूसभाई त्याच्या ओठांकडे बघत होते. एवढी वर्षं शेडमध्ये ओठ वाचलेले, त्यांना सगळं समजलं. ते हसले, सलाम केला आणि बाहेर आले. मी त्यांच्यासमोर उभी राहून तोंड वासून वासून बोलले, "हसलात कशाला? टेबल उलटं का नाही केलं?" त्यांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला.

महिन्याभरात त्यांनी जळगाव सोडलं. लेक धुळ्याला दिलेली, जावयाचं गाद्यांचं दुकान. तिथे बसायला लागले. ईदला मी शिरखुर्मा खायला गेले, तेव्हा बघितलं. टीव्हीवर परग्रहावरचा कुठला तरी पिक्चर लावलेला, आवाज पूर्ण बंद. दाढीची मेंदी उतरलेली. भाभी सांगत होत्या, गिऱ्हाईक हाक मारतं आणि यांनी वर बघितलं नाही की म्हातारा माजलाय म्हणून निघून जातं. जावई चांगला आहे, काही बोलत नाही. पण ते आता दुकानात मागे बसतात, कापसाच्या गठ्ठ्यांजवळ.

मग मात्र माझं तोंड सुटलं. शेठला, शेठच्या बापाला, त्या टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांना, युनूसभाईंच्या त्या हसण्याला, एकेकाला फैलावर घेतलं. राग आला की माझं शुद्ध बोलणं संपतं आणि शिंदखेड्याची अहिराणी बाहेर पडते. भाभी घाबरून दार लावायला उठल्या. युनूसभाई माझे ओठ बघत होते. सगळं होऊ दिलं त्यांनी. मग म्हणाले, आणि त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, "मला कशाला सांगतेस, ताई? मला तर ऐकूच येत नाही. ज्याला ऐकू येतं त्याला जाऊन सांग ना!"

परतीच्या एसटीत मी पारोळ्यापर्यंत डोळे पुसत होते. पारोळा गेल्यावर पुसायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिलाईच्या बायका शेडच्या दारात बसलो, आत गेलो नाही. आधी मशीनवाले लांबून बघत राहिले, मग एकेक येऊन मागे बसला. मालाची गाडी गेटवर उभी होती, शेठला पळत यावं लागलं. "कुणासाठी चाललंय हे? युनूसचं प्रकरण मिटलं ना?" मी उठले. "शेठ, तुम्हले ऐकू येस ना? मंग ऐका. त्यासनं मिटनं नही, आनि आम्हनं सुरू व्हयेल शे. बठ्ठासले, एकेकले, झाकनं पाहिजेत. तोपर्यंत आठे एक मशीन फिराव नही." त्याने धमकावलं, समजावलं, पुन्हा धमकावलं. दुपारनंतर झाकणांचे खोके आले. पाहुण्यांना लावतात तसलीच, जाड. एवढंच अंतर होतं तर! एका दुपारचं!

युनूसभाईंना परत घ्या म्हटलं, त्याला मात्र तो बधला नाही. आजपर्यंत बधलेला नाही. दर महिन्याला मी विचारते, दर महिन्याला तो केबिनचं दार लावून घेतो.

भाभींच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून मी युनूसभाईंना ओठ दिसतील असं सगळं सांगितलं, हळूहळू, तोंड उघडून. त्यांना शाबासकी बिबासकी काही सुचली नाही. पहिलं विचारलं, "माझ्या मशीनवर आता कोण आहे?"

"यावलकडचे एक काका आहेत."

"लावतात का ते?"

"लावतात," म्हटलं.

कसले लावतात! घाम येतो म्हणे, कान खाजतात म्हणे. शेठची पाठ वळली की काढून मशीनच्या खिळ्याला टांगतात. मग मी शिलाई सोडून उठते, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते, पोटभर शिव्या देते आणि स्वतःच्या हाताने ती झाकणं त्यांच्या कानांवर बसवते. शिव्या आधी आणि झाकणं नंतर. ऐकू गेल्या पाहिजेत ना.