लेकुरवाळी मरळ

साळूबाई कधी शाळेत गेली नाही, पण माझ्या वर्गाला मासे तिनेच शिकवले. पावसाळ्यात बरणीत खवली, कोळशी, एखादं वामेचं पिल्लू घेऊन ती दाराशी यायची आणि मुलांना विचारायची, "सांगा, यातला आळशी कोण?"

तिचं घर नांदूरमधमेश्वर धरणाच्या फुगवट्याकाठी. भोयाची लेक, भोयाचीच सून. बाजारात मासे विकून तिने हर्षालीला, एकुलत्या मुलीला, शिकवलं. बाहेरून आलेली चिलापी पाण्यात माजली तशी साळूबाई इथल्या जुन्या माशांपैकी कोण उरलंय ते पाहत काठाने फिरू लागली. सगळ्यात जास्त जीव मरळीवर. मरळीचं जोडपं पिल्लांना राखतं. पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा गोळा वर येतो, हवा घेतो, खाली जातो. त्याच्याखाली आईबाप असतात.

"पिल्लांजवळ काही आलं की मरळ धावून चावती," ती सांगायची. "सोडून पळत नाय. म्हणून लेकुरवाळी मरळ धरायची नाय. तिची माया हेच तिचं मरण."

तीन वर्षं तिला असा गोळा दिसला नव्हता. दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात, वेताच्या बेटाशेजारी दिसला. ती धावत मला बोलवायला आली. मी पाहून आले.

त्याच आठवड्यात जावई आला. अमित नाशिकला अंबडच्या कारखान्यात कामाला, हसरा, लाघवी. "मामी, तुमचे मासे दाखवा ना," म्हणाला. आजवर घरातल्या कुणी असं विचारलं नव्हतं. साळूबाईने त्याला बेटापाशी नेलं, गोळा दाखवला, मरळ कशी राखते तेही सांगितलं.

पुढच्या सोमवारी ती तिथे गेली. काठावर चिखलात बुटांचे ठसे, तुटलेली नायलॉनची दोरी. पिल्लं चार दिशांना विखुरलेली, आणि चिलापी त्यांना टिपत होती. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हातांनी चिलापी हाकलत राहिली. संध्याकाळपर्यंत एकही ठिपका उरला नाही.

कोणी केलं, हे तिला धोंड्याच्या जेवणाला कळलं. अधिक श्रावण होता, लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला पाटावर बसवून तिने ओवाळलं, तेहतीस अनारशांचं ताट पुढे ठेवलं. तिने मलाही बोलावलं होतं. जेवता जेवता अमितने मोबाईल पुढे केला.

"मामी, तुमची जागा एक नंबर! गळ गोळ्यात टाकला की धाडकन चावली. अडीच किलोची. आणि मागोमाग दुसरी! मित्र तर खुळेच झाले."

साळूबाईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. तिने लेकीकडे पाहिलं. हर्षाली पुरण कालवत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"आई, आता एका माशापायी जावयाला बोलशील का? सणासुदीचं?" हर्षाली हळूच म्हणाली.

साळूबाईने अमितच्या धोंड्यावर तूप वाढलं. वाटी रिकामी झाली तरी ती तिरकीच धरून होती.

निघताना तो म्हणाला, "दुसरी एखादी जागा असेल तर सांगा हं, मामी."

"नाय हो पाहुणे. मरळ संपली आता."

पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेले. ती नुकतीच कुठूनशी आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पायांना हिरवं शेवाळ, आणि चेहऱ्यावर ते जुनं, बरणी घेऊन दाराशी उभं राहतानाचं हसू. मला पाहिल्यावर ते मावळलं.

"साळूबाई, दिसली का गं एखादी जोडी?"

तीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती. तिने पायावरचं शेवाळ दुसऱ्या पायाने पुसलं.

"नाय बाई. कुठं आता."

मी मान हलवली आणि हर्षालीची खुशाली विचारली.