तिसऱ्यांदा विचारणारी तुबा खानम

तुबा खानमना मी नापास केलं तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि डोक्यात हवा भरपूर होती. यज्दच्या नर्सिंग कॉलेजात मी एम.एस्सी. करत होते. ऑपरेशन झालेल्या पेशंटचं दुखणं ओळखण्यात आणि कमी करण्यात नर्स किती तरबेज असते, आणि शिक्षणाबरोबर ते कौशल्य वाढतं का, हा माझ्या प्रबंधाचा विषय. उत्तर मला आधीच ठाऊक होतं. वाढतं. नाहीतर मी एवढी शिकत कशाला होते?

गावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातले पुरुषांचे तीन सर्जिकल वॉर्ड मला मिळाले. एक आणि तीन नंबरच्या इन्चार्ज सिस्टर माझ्याच कॉलेजच्या, पहिल्या वर्गात पास झालेल्या. दोन नंबरच्या इन्चार्ज तुबा मीरजलिली, सगळ्यांच्या तुबा खानम, म्हणजे तुबाबाई. लढाईच्या दिवसांत सहा महिन्यांचा कोर्स उरकून त्या आघाडीजवळच्या अहवाझला जखमींच्या पट्ट्या बांधायला गेल्या होत्या. पदवी घेतली ती पुढे चाळिशीत, स्वतःच्या लेकीच्या वयाच्या पोरींशेजारी बाकावर बसून. ठेंगणा बांधा, सपाट बूट, खिशात कायम खडीसाखरेचे दोन-चार खडे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांना बघून मी मनात म्हटलं, बाई कामाची आहे, पण जुन्या वळणाची.

माझ्याकडे चोवीस मुद्द्यांचा तक्ता होता. नर्सने पेशंटला शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा विचारायचा, केसपेपरवर लिहायचा, औषध द्यायचं, आणि मी बाजूला उभी राहून बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. अकरावा मुद्दा मी स्वतःच्या अकलेने घातला होता. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून वेळ दवडते का? आज तो मुद्दा आठवला की कानाची पाळी गरम होते.

एक आणि तीन नंबरमध्ये काम कसं झटपट चालायचं. हाजी आगा, दुखत नाही ना? नाही बाळ, देवाची कृपा. शून्य. पुढचा पलंग. एका पेशंटमागे चाळीस सेकंद. तुबा खानमना एका पेशंटला चार मिनिटं लागायची. आधी गावाची चौकशी. तफ्तचा माणूस असला की यंदा डाळिंबं कशी आहेत, अर्दकानचा असला की पोरांचं काय चाललंय. मग उशी सरळ करत त्या विचारायच्या, दुखतंय का? तो म्हणायचा, छे छे, तुमचे हात सलामत राहोत. मग सलाईनच्या बाटलीकडे बघता बघता पुन्हा, थोडं तरी? नाही हो, तुम्ही उगाच तसदी घेता. मग त्या स्टूल ओढून शेजारी बसायच्या, आवाज खाली आणायच्या आणि तिसऱ्यांदा विचारायच्या. तेव्हा तो माणूस भिंतीकडे तोंड करून आकडा सांगायचा. सहा. कधी आठ. मी अकराव्या मुद्द्यापुढे न चुकता फुली मारत असे.

दोन महिन्यांनी आकडेमोड झाली. एक नंबरच्या वॉर्डात दुखण्याची सरासरी शून्याच्या वर जेमतेम, तीन नंबरमध्ये त्याहून कमी, आणि तुबा खानमच्या वॉर्डात जवळजवळ पाच. दुखणं थांबवायची इंजेक्शनं त्यांच्याकडे तिप्पट खर्च झाली होती. माझे मार्गदर्शक डॉक्टर अताबकी खूश झाले. एवढा स्वच्छ फरक विद्यार्थ्यांच्या नशिबी क्वचित येतो, म्हणाले. मी तीन पानांचा अहवाल लिहिला आणि रिवाजाप्रमाणे एक प्रत मेट्रन कलांतर बाईंकडे दिली.

कलांतर बाई वेळ न दवडणाऱ्या. ज्या वॉर्डात पेशंट एवढे कळवळतात त्याची इन्चार्ज बदललीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. दोन नंबर एका नव्या पदवीधर मुलीकडे द्यायचा आणि तुबा खानमना तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये पाठवायचं. तिथे कापसाच्या बोळ्यांची आणि कात्र्यांची गाठोडी बांधून वाफेने निर्जंतुक करतात. पेशंटचं तोंडही दिसत नाही. शनिवारच्या बैठकीत शिक्कामोर्तब व्हायचं होतं.

बुधवारी ही बातमी वॉर्डभर झाली. तुबा खानमनी मला चहाच्या खोलीत बोलावलं, माझ्या पेल्यात खडीसाखर घातली आणि प्रबंध कुठवर आला ते विचारलं. शनिवारचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत नव्हतं. माझ्या कागदामुळे हॉस्पिटलात काहीतरी बदलतंय, याचाच मला अभिमान वाटत होता. माणूस शिकला की कधीकधी असा मठ्ठ होतो.

गुरुवारी सकाळी तीन नंबरचा कूलर बंद पडला. तीर महिन्याचं, भर उन्हाळ्यातलं ऊन, दहा वाजताच भिंती तापलेल्या. मिस्त्री येईपर्यंत त्या वॉर्डातले सहा ताजे ऑपरेशनवाले पेशंट तुबा खानमकडे हलवायचं ठरलं. दहाची नोंद नुकतीच झाली होती. सहाही जणांचे कागद माझ्या हातात होते आणि सगळ्यांवर शून्य होतं. पलंग ढकलत आम्ही ते सहा शून्य दोन नंबरमध्ये आणले.

बारा वाजता तुबा खानमनी राऊंड घेतला. मी मागे. पहिला माणूस, तिसऱ्या विचारण्यानंतर, पाच. दुसरा सहा. तिसरा चार. चौथा सात, आणि हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. पाचवा सहा. मी हातातले कागद पुन्हा पाहिले. तीच माणसं, तीच सकाळ, मधे फक्त दोन तास आणि एक व्हरांडा.

सहावे होते उस्ता नसरुल्ला. सत्तरीचे मिठाईवाले, बाजारात बदामाच्या सारणाचे गोड कुत्ताब तळणारे, आदल्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. चेहऱ्यावर हसू होतं पण कपाळावर घाम. पहिल्यांदा विचारल्यावर त्यांनी तुबा खानमच्या सात पिढ्यांना आशीर्वाद दिले. दुसऱ्यांदा विचारल्यावर मलाही दिले. तुबा खानमनी पडदा ओढला आणि स्टुलावर बसल्या. मी पडद्याबाहेर. आतून उस्तांची कुजबुज आली. काल संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती.

तिकडच्या मुलींनी सकाळी विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. लघवी झाली ना, हाजी आगा? झाली बाळ, देवाची कृपा. परक्या घरच्या लेकीबाळींना आणखी काय सांगणार बिचारे. तुबा खानमनी दश्ती नावाच्या पुरुष नर्सला हाक मारली, त्याने नळी घातली. पिशवीत एक लिटरच्या वर भरलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर भलतंच काहीतरी झालं असतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. उस्तांचा चेहरा असा काही सैल झाला की पडदा सारणारा दश्तीही हसला. उस्तांनी देवाचे, दश्तीचे, तुबा खानमचे आणि ही नळी ज्याने शोधली त्याचे आभार मानले आणि अख्ख्या वॉर्डाला कुत्ताबचं आमंत्रण देऊन डोळे मिटले.

व्हरांड्यातल्या बेसिनपाशी मी तुबा खानमना गाठलं. ह्यांनी तिकडे शून्य का सांगितलं, एवढंच मला विचारता आलं.

त्या हात धूत होत्या. “तुमच्या घरी पाहुणा आला आणि पहिल्यांदा ‘नको’ म्हणाला, तर तू ताट उचलतेस का गं?”

“नाही.”

“दुसऱ्यांदा म्हणाला तर?”

“नाही. आई मारेल मला.”

“मग इथे का उचललंस, पोरी?”

मी यज्दची, माझी आई यज्दची, आजीही यज्दची. दोनदा नको म्हणणं म्हणजे नुसती भीड आणि खरं उत्तर तिसऱ्यांदा येतं, हे मला बोलता येण्याआधीपासून माहीत होतं. पण अंगात पांढरा कोट आला, हातात तक्ता आला आणि मी पहिल्याच नकाराला ताट उचललं. दोन महिने उचलत राहिले. लोक दातांवर दात दाबून शून्य सांगत होते आणि मी ते छान अक्षरात लिहून घेत होते. आणि ज्या एका बाईने खरं लिहिलं तिच्या नावापुढे फुल्या मारत होते.

तुम्ही आधी का नाही सांगितलंत, असं मी त्यांनाच वर विचारलं. त्या म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, मला वाटलं तुला काहीतरी वेगळं शोधायचं असेल. टोमणा होता की साधेपणा, हे मला अजून कळलेलं नाही.

शुक्रवारची सुट्टी सोडून मी सकाळी आठला हॉस्पिटलात हजर झाले. नातेवाईक भाताची पातेली घेऊन येत होते. मी एक आणि तीन नंबरच्या एकतीस पेशंटना एकेक करून विचारलं. गावाची चौकशी, उशी, सलाईन, स्टूल, सगळं तुबा खानमसारखं. आधी जमेना. दुसऱ्यांदा विचारताना जीभ अडायची, आपण खुळ्यासारखे दिसतोय असं वाटायचं. अर्दकानचा एक ट्रक ड्रायव्हर तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, “बाई, हेच परवा विचारलं असतंस तर दोन दिवस मी उशी चावली नसती.” त्याचा आकडा आठ होता.

संध्याकाळपर्यंत दोन्ही वॉर्डांची सरासरी साडेपाचच्या पुढे गेली. तुबा खानमच्या वॉर्डापेक्षा जास्त, कारण त्यांच्या पेशंटना निदान इंजेक्शन तरी मिळत होतं. डॉक्टर अताबकींना मी फोन केला. तुझा फरकच नाहीसा झाला, असं ते जरा दुखावून म्हणाले. मी म्हटलं, नाहीसा झाला नाही सर, उलटा झाला. मग, उद्या बैठकीत तूच सांग, म्हणाले.

शनिवारी मेट्रनच्या खोलीत आम्ही सातजणी होतो. तुबा खानम दाराजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर. मी उभी राहिले आणि माझा अहवाल चुकीचा आहे असं सांगितलं. सहा शून्यांची हकीकत सांगितली, उस्तांची सांगितली, पाहुण्याचं ताट पहिल्याच नकाराला उचलल्याचं सांगितलं, एकतीस नवे आकडे वाचले.

कलांतर बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे बुधवारपर्यंत हे संशोधन होतं, आणि आज पाहुणचार झाला?”

मी म्हटलं, हो, चूक माझीच आहे. त्यांनी कागद मागून घेतले, दोनदा वाचले. एक आणि तीन नंबरच्या इन्चार्ज खाली बघत होत्या. ऑर्डर मात्र टाईप होऊन टेबलावर पडली होती, नव्या मुलीलाही कळवून झालं होतं. कलांतर बाई तुबा खानमकडे वळल्या. वॉर्ड ठेवायचा की स्टोअरला जायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाल्या. स्टोअरला दगदग कमी, आणि दोनच तर वर्षं राहिली आहेत.

तुबा खानम उठल्या. छातीवर हात ठेवून त्यांनी मान लववली. “आपण म्हणाल तसं. स्टोअरही चांगलंच आहे.”

कलांतर बाईंनी पेनाचं टोपण काढलं. एवढ्यावर सुटका होतेय याचं त्यांना बरंच वाटलं असावं. माझी जागा, माझं वय, सगळं विसरून मी म्हटलं, “मॅडम, पुन्हा विचारा.”

आता मला बाहेर काढतात असं वाटलं. पण कलांतर बाईही यज्दच्याच होत्या. त्यांनी पेन थांबवलं आणि दुसऱ्यांदा विचारलं, नक्की का?

“माझी काही तक्रार नाही,” तुबा खानम म्हणाल्या. “नव्या मुलींनाही संधी मिळायला हवी.”

कलांतर बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. मग खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून त्या आल्या, तुबा खानमना खाली बसवलं आणि शेजारची खुर्ची ओढून स्वतः बसल्या. इतक्या वर्षांचं ते ‘तुम्ही’ त्यांनी बाजूला ठेवलं.

“तुबा, खरं सांग. तुला काय हवंय?”

तुबा खानमनी भिंतीकडे तोंड केलं.

“मला माझ्या वॉर्डात राहायचंय,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या दिवसापर्यंत.”

ऑर्डर फाडल्याचा आवाज आला तेव्हा मी सगळ्यांसमोर रडायला लागले. मला रडण्याचीही लाज वाटली नाही. तुबा खानमनी डोळे टिपले, घड्याळ पाहिलं आणि खिशातला खडीसाखरेचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. बारा वाजत आले होते. राऊंड राहिला होता. मी तक्ता उचलून त्यांच्या मागे निघाले, आणि जाता जाता अकरावा मुद्दा खोडून तिथे लिहिलं, तीनदा विचारते का?