बूथवरचा सांगावा

मोबाईल घरोघरी आले तेव्हा आमचा एसटीडी बूथ बंद पडला आणि गावाला एकाएकी त्याचा पुळका आला. किती सोय होती, असं आता जे जे म्हणतात त्यांतल्या प्रत्येकाने बूथ सुरू झाला तेव्हा त्याला नावं ठेवली होती. मला ते पाठ आहे, कारण ऐकायला मीच तिथे बसलेली असायची.

बाबा मुरबाडच्या एका कारखान्यात होते. कारखान्याने माणसं कमी केली आणि बाबा घरी आले. मग त्यांनी खटपट करून बूथ मिळवला आणि टोकावड्याच्या रस्त्यावर, आमच्या एसटी थांब्याला लागून, पत्र्याची टपरी टाकली. आत काचेची केबिन, एक स्टूल आणि पंखा. मी तेव्हा मुरबाडला कॉलेजात होते. सकाळचं कॉलेज आटोपून मी थांब्यावर उतरायची ती थेट बूथवरच, म्हणजे बाबांना जेवायला घरी जाता यायचं. सुट्टीच्या दिवशी तर मी सकाळपासूनच तिथे.

टेलिफोनबद्दल ज्याला त्याला मत होतं. मत असायला फोन करावा लागत नसे. केबिनचं दार लावून बोलायचं हे बऱ्याच जणांना पटत नव्हतं, कारण दार लावून बोलतो तो काहीतरी भानगडीचंच बोलतो. त्यामुळे गावातली सभ्य माणसं दार सताड उघडं ठेवून, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं बोलायची आणि आपली अब्रू राखायची. एक म्हातारी थोरल्या दिराशी बोलताना डोक्यावरून पदर घ्यायची आणि फोनच्या डब्याकडे पाठ करून उभी राहायची. एका काकांचा मुलगा भिवंडीला लूमवर होता. त्याने पहिल्याच फोनला, बाबा तब्येत कशी आहे, असं विचारलं. काकांनी रिसीव्हर ठेवून दिला. हा आमचा नाही, म्हणाले, आमचा कधी असलं विचारत नाही. त्यांची खात्री पटायला मुलाला पुढच्या फोनवर त्यांच्याशी भांडावं लागलं.

शाळेतले गुरुजी मात्र प्रगतीच्या बाजूचे होते. तारेला जात नसते, तेव्हा टेलिफोनने जातपात संपणार, असं ते म्हणत. हे ते आमच्या टपरीसमोर उभं राहून म्हणत. आत या, चहा घ्या, असं बाबा म्हणाले की त्यांना लांबून एसटी येताना दिसायची. बाकी त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. जी माणसं आमच्या बौद्धवाडीतलं पाणी पीत नसत, ती आमच्या हातातला रिसीव्हर घेऊन कानाला आणि तोंडाला लावत होती. गावचे पाटील तेवढे उपरण्याने तो आधी पुसून घेत. बाबांनी त्यासाठी एक स्वच्छ फडका खिळ्याला अडकवून ठेवला आणि पाटलांचं बोलून झालं की त्या फडक्याने स्वतःही रिसीव्हर पुसायला लागले. पाटलांच्या डोळ्यांदेखत. मला त्याचं फार हसू यायचं आणि फार बरंही वाटायचं.

खरा घोटाळा बाहेरून येणाऱ्या फोनचा झाला. कल्याणहून, शहापूरहून कुणी फोन करायचं आणि सांगायचं, अमक्याला निरोप द्या. गावाने पहिल्याच आठवड्यात निकाल लावून टाकला की फोन ज्याच्याकडे, निरोप पोचवायचं काम त्याचं. चहाच्या हॉटेलात हे कुणी वाईट हेतूने म्हणालं असेल असं नाही. बायकाही म्हणाल्या, बूथवाल्याने जरा पाय हलवले तर काय बिघडतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही की ते हे कुणाला म्हणतायत.

धर्मांतराच्या आधी गावकीची जी कामं आमच्या लोकांच्या गळ्यात होती, त्यात मयताचा सांगावा नेणं हे एक होतं. गावात कुणी गेलं की आजोबांनी उठायचं आणि पावसाळा असो की उन्हाळा, पायवाटेने डोंगर ओलांडून पार डोळखांबच्या पाड्यांपर्यंत जाऊन नातेवाइकांना कळवायचं. धर्मांतर झालं त्या वर्षी आजोबांनी सगळ्या गावासमोर सांगितलं की आजपासून हे पाय कुणाचं मयत वाहणार नाहीत. त्यापायी वाडीला काय काय सोसावं लागलं ते आजी सांगायची, आजोबा कधी सांगत नसत. आणि आता चाळीसएक वर्षांनी सरकारने तार ओढून तेच काम आमच्या दारात आणून ठेवलं होतं, वर त्याला सोय म्हणत होते.

बाबांनी तोड काढली. शाळेतून एक जुना फळा मिळवला आणि टपरीबाहेर टांगला. फोन आला की फळ्यावर त्या घरचं आडनाव आणि 'फोन' एवढंच खडूने लिहायचं. थांब्यावर दहा माणसं असतात, कुणीतरी त्या घरी सांगतंच. ज्याचा निरोप त्याने यावं, पुन्हा फोन येईपर्यंत बसावं, आपल्या कानाने ऐकावं. बूथवरून उठून निरोप कुणी नेणार नाही. मलाही त्यांनी बजावून ठेवलं होतं. गाव कुरकुरलं आणि मग सवयीने फळा वाचायला लागलं.

भातझोडणी उरकून गाव रिकामं झालं होतं. मजुरीची माणसं बायकापोरांसकट वीटभट्ट्यांवर गेली होती. रविवारची सकाळ होती, मी एकटीच बूथवर होते आणि फोन वाजला. पलीकडे पाटलांचा भाचा. पाटलांची थोरली बहीण शहापूरच्या पुढे एका गावात दिलेली, तिचा हा मुलगा. तो म्हणाला, आई गेली, मामाला सांगा, माहेरचं लुगडं घेऊन लवकर निघायला सांगा. माझं काही ऐकायच्या आत फोन बंद झाला.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. माहेरचं माणूस ते घेऊन पोचेपर्यंत मयत उचलत नाहीत.

मी फळ्यावर 'पाटील, फोन' असं लिहिलं. त्याखाली आणखी काही लिहिलं नाही. थांब्यावरच्या एकाला, पाटलांना पाठवून द्या, तातडीचं आहे, असं सांगितलं. तो गेला, सांगून परत आला आणि आपल्या एसटीत बसला. पाटील काही आले नाहीत. तासाभराने भाच्याचा पुन्हा फोन, मामा निघाले का? मी दुसऱ्या माणसाला पाठवलं. तो येऊन म्हणाला की पाटील ओटीवर बसून पेपर वाचतायत, आणि म्हणाले, जेवून येतो.

नंतर कळलं ते असं, की पाटलांनी आपल्या परीने चोख विचार केला होता. भाच्याचा फोन म्हणजे काहीतरी किरकोळ असणार, जत्रेचं नाहीतर लग्नाचं. वाईट काही असतं तर माणूस आला असता. त्यांच्या घराण्यात आजवर एकाही मरणाची बातमी माणसाशिवाय आली नव्हती. आणि तिकडे भाचा आपल्या परीने चोख होता. फोन आहे म्हटल्यावर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस घालवायला माणूस कशाला पाठवायचा? एकाचा फोनवर भरवसा, दुसऱ्याचा माणसावर, आणि त्या दोघांच्या मध्ये ती बाई उन्हं चढेपर्यंत अंगणात पडून होती.

तिसऱ्यांदा भाचा रडत होता. मी बूथ शेजारच्या पानवाल्याच्या नजरेत ठेवून घरी पळाले.

आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगून या, मेलेलं माणूस कुणाचंही असलं तरी थांबवू नये. बाबा म्हणाले, आज पाटलाकडे गेलो की उद्या सगळं गाव म्हणेल, हे तर ह्यांचंच काम. दोघांचंही खरं होतं आणि मला दोघांचाही राग आला. आजोबा दाराशी बसले होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "मी काय बोलनार नाय. पाय तुजे हायेत."

बाबांनी लुना काढली. मला म्हणाले, बूथवर जा, भाच्याचा फोन आला की सांग, फोन धरून बस, मामा येतोय. आणि ते गेले ते निरोप घेऊन नव्हे, माणूस आणायला. हा फरक त्यांनी स्वतःशी घट्ट धरून ठेवला असणार, कारण पुढे कित्येकदा त्यांनी तो आम्हाला समजावून सांगितला.

पाटलांच्या दाराशी काय झालं ते बाबांनीच सांगितलं. ते फाटकाशी लुनावर बसूनच राहिले, इंजिन चालू. "पाटील, चला. तुमच्या भाच्याचा फोन हाय."

पाटलांनी पेपर खाली घेतला. "काय म्हनतोय?"

"ते तुमालाच सांगनार हाय तो."

"आरं तू ऐकला आसशील ना?"

"माजं काम फोन लावायचं, पाटील. ऐकायचा तुमी."

मरणाचा एक शब्दही बाबा बोलले नाहीत. पण बोलायची गरज उरली नव्हती. आमच्या घरातला माणूस त्यांच्या फाटकाशी येऊन थांबला, एवढं पाटलांना पुरलं. पेपर हातातून सुटला आणि त्यांनी आत बायकोला हाक मारून विचारलं, घरात कोरं लुगडं आहे का? कुणाला, काय, काहीच न विचारता. बाबा म्हणायचे, इतकी वर्षं राखलेला शब्द मी मोडला नाही, तरी मोडलाच. त्यांना त्याचं वाईट वाटायचं आणि पाटलांचंही वाटायचं, आणि ही दोन वाइटं त्यांना कधी वेगळी करता आली नाहीत.

पाटील लुनाच्या मागे बसले. बाबांचा खांदा धरून. तो प्रवास अख्ख्या गावाने पाहिला आणि त्यावर लगोलग मतं तयार झाली. कुणी म्हणालं पाटलांना चक्कर आली, कुणी म्हणालं निवडणूक जवळ आली. हॉटेलवाल्याने तर दोघांनी भागीदारीत पेट्रोलपंप काढल्याचंही सांगितलं.

केबिनमध्ये पाटलांनी रिसीव्हर घेतला. पुसला नाही. ऐकलं, हूं हूं केलं, निघालो म्हणाले आणि ठेवला. मग माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. त्यांचे मुलगे कल्याणला होते, त्यांना बाबांनी फोन लावून दिला आणि पाटील त्यांच्याशी बोलले. राहिली भावकी, तिला सांगितल्याशिवाय निघता येत नव्हतं. ती तीन वस्त्यांत पसरलेली, आणि तिथे फोन चालत नाही, माणूसच लागतो. घरचे गडी वीटभट्टीवर गेलेले. पाटलांनी वर पाहिलं, बाबांकडे. ते काय विचारणार हे मला कळलं, बाबांना कळलं, बाहेर थांब्यावर वाकून बघणाऱ्या चौघांनाही कळलं. बाबांनी मान खाली घातली नाही.

पाटलांनी विचारलं नाही. ते उठले, उपरणं खांद्यावर नीट केलं आणि चपला तिथेच विसरून चालायला लागले. उन्हात, एकेका भावकीच्या अंगणात, स्वतः.

मी हे घरी जाऊन आजोबांना मीठमसाला लावून सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या आयुष्यात याहून गोड बातमी आली नसेल. ते हसतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यांनी विचारलं, "कोन बसाया सांगतंय का त्याला?"

मी म्हटलं, कोण जाणे, मी काही मागे गेले नाही.

"नाय सांगत गो कोन. मयताची गोष्ट आनली का मानूस अंगनातच उबा ऱ्हातो. आतले रडाया लागतात. बस बोलाया कोनाला सुचत नाय." मग ते आईकडे वळले. "खालच्या आळीला जायाची वाट आपल्याच दारावरनं हाय. बाज भायेर काढ."

आईने बाज अंगणात टाकली, वर गोधडी घातली आणि तांब्या भरून ठेवला. पाटील आले तेव्हा त्यांचे पाय धुळीने पांढरे झाले होते. आमच्या वाडीत त्यांना कुणाला काही सांगायचं नव्हतं, ते खाली बघून पुढे जाणार होते. आजोबा म्हणाले, "बस रे."

गावात पाटलांना अरेतुरे करणारं कुणी उरलं नव्हतं. ते थबकले आणि बसले. तांब्याही तोंडाला लावला. यात कुणाचं मनपरिवर्तन वगैरे झालं असं मी म्हणणार नाही, कारण पुढच्याच आठवड्यात त्यांनी उपरण्याने रिसीव्हर पुसला आणि बाबांनी फडक्याने. पण त्या दुपारी ते आमच्या बाजेवर बसले, पाणी प्याले, आणि समोरच्याला सगळं ठाऊक आहे हे माहीत असूनही बोलले.

"आक्का गेली आमची."

आजोबांनी ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकतोय अशी ऐकून घेतली.