जाईच्या ओळीखालचा पिवळा डाग

सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतेय.

मला मोडी वाचता येते, म्हणून महाल भागातल्या सुमनताईंनी आज बोलावलं होतं. त्यांचे पणजोबा कवी होते आणि एका वर्तमानपत्राचे संपादकही. परगावाहून त्यांनी घरी धाडलेली पत्रं लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवली होती.

सगळी पत्रं वडिलांना. बायकोला पत्र लिहायची तेव्हा रीतच नव्हती. पण कवी असून तिचं नावसुद्धा नाही? मला रागच आला.

"मले वाटलं, कविता सापडतीन वं," सुमनताई हिरमुसल्या.

मात्र प्रत्येक पत्रात कुठेतरी मध्येच एक ओळ होती : "परसातल्या जाईला कळ्या आल्या का?" आणि प्रत्येक वेळी नेमका त्याच ओळीखाली बोटाएवढा फिकट पिवळा डाग. हळदीचा.

"पणजीचं बोट असन," सुमनताई हळूच म्हणाल्या. "पण तिले तं वाचताच येत नव्हतं. सासरे वाचून दाखवत."

मला उगीच जाईचा वास येत राहिला.

तुम्हीच सांगा, एवढ्या अक्षरांत ती ओळ नेमकी कुठे आहे, हे तिनं कोणाला विचारलं असेल?