एडक्याच्या गळ्यातला पट्टा

केराबाई पिठाच्या डब्याला झाकण लावायची आणि झाकणावर बाभळीची एक काडी आडवी ठेवायची. माळावरून परत आली की आधी काडी बघायची, मग चूल. काडी जरा जरी सरकलेली दिसली तर त्या दिवशी उंदरापासून माणसापर्यंत कुणाची खैर नसे. रस्त्यानं जातानाही मागं वळून पाहिल्याशिवाय तिला चार पावलं टाकवत नसत. एसटीत बसली तर गाठोडं मांडीवर आणि सोबतचा माणूस पुढच्या शिटावर. "मागं बसलेल्याचं त्वांड दिसत न्हाय," ती म्हणायची.

जन्मतः ती अशी नव्हती म्हणतात. तिचा नवरा बिरप्पा भोळा सांब. एका मैतराच्या भरवशावर त्यानं मेंढरं सोडली आणि तीन दिवस जत्रेला गेला. परत आला तेव्हा मैतर नाही, आणि कळपातले चांगले एडकेही नाहीत. बिरप्पानं ते हसण्यावारी नेलं. केराबाईनं नेलं नाही. दुधानं तोंड पोळलं तर माणूस ताक फुंकून पितो. ही बाई पुढं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

बिरप्पा गेला, मूलबाळ नव्हतं. राहिला तो सिदू, तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. तो तिला मोठी आय म्हणायचा. जुळे सोलापूरच्या शेवटच्या कॉलन्या जिथं संपतात आणि नुसत्या प्लॉटांचे दगड सुरू होतात, तिथं दोघांचं पत्र्याचं खोपट आणि मेंढरांची वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण. कळप दोघांचा. दुसरं माणूस तिला जगात नव्हतं, आणि संशय घ्यायलाही दुसरं माणूस हाताशी नव्हतं.

गेल्या वर्षी कळपातून मोरी नावाची मेंढी नाहीशी झाली. तिच्या गळ्यात बिरप्पानं आणलेली काशाची घंटी होती, तीही गेली. थोड्या महिन्यांनी भुंडी गेली. दोन्ही वेळा कळप सिदूकडं होता. दोन्ही वेळा त्यानं माळ पालथा घातला आणि रिकाम्या हातानं आला. केराबाई तोंडानं काही बोलली नाही. पण सिदूनं दिवाळीला नवा शर्ट घेतला तेव्हा तिनं तो शर्ट बोटांत धरून बराच वेळ चोळून पाहिला. मनात पाल चुकचुकली होती.

अशात राजनंदिनी आली. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती संशोधन करत होती, आणि कॉलन्यांच्या कडेनं मेंढरं चारणारा सिदू तिला रस्त्यातच भेटला होता. पोरीच्या पिशवीत मेंढरांच्या गळ्यात बांधायचे पट्टे होते. प्रत्येक पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी.

"आजी, मेंढरं किती आहेत तुमच्याकडे?" पोरीनं पहिलाच प्रश्न विचारला आणि तिथंच चुकली.

"हायती की देवाच्या किरपेनं," केराबाई म्हणाली.

त्या घरात मेंढरं मोजत नसत. मोजलं की दिष्ट लागते, असं तिच्या सासूनं सांगितलं होतं. कळप चेहऱ्यांनी ओळखायचा, आकड्यानं नाही. आकडा ठाऊक असलाच तर पोटात ठेवायचा.

"ह्यात तुजा काय फायदा?" तिनं विचारलं.

"माझी पीएचडी होईल."

"आन् मग?"

"मग नोकरी मिळेल."

केराबाईला जरा बरं वाटलं. फुकट करते म्हणाली असती तर तिनं पोरीला वाटेला लावलं असतं.

पोरीनं मग लॅपटॉप उघडून दाखवला. पडद्यावर नकाशा, नकाशावर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ. "पट्टा सारखा बोलत राहिला तर बॅटरी लगेच संपते," ती समजावू लागली. "म्हणून तो अधूनमधून बोलतो. लांबच्या मेंढीचा पट्टा जवळच्या पट्ट्याला सांगतो, तो पुढच्याला, असं करत निरोप माझ्यापर्यंत येतो. मधल्या वेळात मेंढी कुठे असेल ते हा अंदाजानं ठरवतो. प्रत्येकीची चाल त्यानं शिकून घेतलीय. कुणी किती वेळा बोलावं म्हणजे बॅटरीही टिकेल आणि अंदाजही चुकणार नाही, तेच मी शोधतेय."

"आन् ह्यो गोल कशाचा?"

"ती मेंढी या गोलात कुठंतरी आहे, एवढंच खात्रीनं सांगता येतं. पट्टा गप्प राहिला की गोल मोठा होत जातो. निरोप आला की परत बारका होतो."

केराबाई पडद्याकडं बघत राहिली. "म्हंजी ह्याला बी संशय येतुया."

राजनंदिनी हसली. "येतो की आजी. पण निरोप आला की कमी होतो."

पट्टे बांधले गेले. केराबाईनं हो म्हटलं ते नजर ठेवायला सोपं जाईल म्हणून. पट्ट्यांवर, पोरीवर आणि सिदूवर. पण दोनच दिवसांत तिला दिसलं, की सिदू आणि ती पोरगी मोबाईलमध्ये डोकं घालून बोलतात आणि आपण जवळ गेलो की विषय बदलतो. खरं तर सिदू त्या वेळी पोरीला वाघूर कशी रोवतात ते सांगत होता, पण ते केराबाईला कोण सांगणार. तिनं ठरवून टाकलं: यंत्राकडून कळप मोजून घेतायत. उद्या सिदू वाटणी मागणार.

यावर तिच्याकडं सासूचा उपाय होता. परक्याची नजर कळपावर ठरली की घंट्या बदलायच्या. हिची तिला, तिची हिला. म्हणजे बघणाऱ्याला कळपाचा म्होरक्या कोण ते उमगत नाही आणि नजर भलतीकडं जाते. केराबाईनं तसंच पट्ट्यांचं केलं. सकाळी सिदू पाणी आणायला गेला की ती चार-दोन पट्टे सोडायची आणि अदलाबदल करून बांधायची. पट्टे दिसायला सगळे सारखे, नंबर डबीच्या आतल्या अंगाला. कुणाला पत्ता लागला नाही.

तिकडं राजनंदिनीची झोप उडाली. म्हातारी मेंढी अचानक कळपाच्या पुढं पळायची, आणि अवखळ पाठ, म्हणजे कोवळी मेंढी, सावकाश मागं रेंगाळायची. सगळे अंदाज कोलमडले. तिनं आधी बॅटरीवर संशय घेतला, मग अँटेनावर, मग आपल्याच गणितावर. शेवटी तिनं प्रोग्रामला शिकवलं, की एखादा निरोप मेंढीच्या नेहमीच्या चालीशी अजिबात जुळत नसेल तर तो खोटा धरायचा आणि टाकून द्यायचा. मेंढरं राखणाऱ्या बाईवर मात्र तिनं संशय घेतला नाही. तेवढं तिचं शिक्षण झालेलं नव्हतं.

एके दिवशी केराबाई डोळे तपासायला दवाखान्यात गेली. जाण्याआधी पट्टे बदलून गेली. दुपारी परतली तर सिदू घामाघूम.

"मोठी आय, चांदी गावंना."

चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, केराबाईच्या हातून भाकरी खाणारी. सिदूनं तिच्यासमोरच राजनंदिनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"चांदी?" पोरगी पलीकडून म्हणाली. "ती तर तुमच्याजवळच दिसतेय. कळपातच आहे. फक्त एडक्याचा पट्टा बंद पडलाय, बॅटरी गेली असेल."

एडका समोर उभा राहून रवंथ करत होता, चांदीचा पत्ता नव्हता. केराबाईनं दोघांचं गणित तिथल्या तिथं सोडवलं. हा म्हणतो गेली, ती म्हणते आहे. दोघं मिळून म्हातारीला येड्यात काढतायत. मोरी गेली, भुंडी गेली, आता चांदी.

"कुणाला इकलीस?" तिनं विचारलं.

सिदूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "मी इकीन? चांदीला?"

"मोरीला बी तूच. भुंडीला बी. मी गप बसले, म्हंजी मला कळत न्हाय व्हय?"

"ती घरांच्या मागं कुटंतरी गेली असंल. मी तितं लई हाका मारल्या. तू चल, परत बघू."

"तुज्या हाका मला ठावं हायत्या. बिरप्पाच्या मैतरानं बी हाका मारल्या असत्याल."

सिदू वळला. खोपटात गेला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि बाहेर आला. "मी करकंबला मामाकडं जातो," म्हणाला. आपल्या वाट्याची मेंढरं त्यानं मागितली नाहीत. केराबाई ते मागण्याचीच वाट बघत होती. तो मागेल आणि आपलं खरं ठरेल. तो निघून गेल्यावर ती आत गेली आणि पिठाच्या डब्यावरची काडी बघितली. सरकलेली नव्हती.

दोन दिवसांनी राजनंदिनी पट्टे काढून न्यायला आली. तिच्या सरांनी सांगितलं होतं, या कळपाची माहिती कामाची नाही, दुसरा कळप बघ. ती एकेक पट्टा सोडून डबी उलटी करत नंबर बघत होती. एडक्यापाशी आली आणि थांबली.

"आजी, हा चांदीचा पट्टा आहे. एडक्याच्या गळ्यात कसा?"

केराबाईनं तोंड फिरवलं. पोरीनं दुसरा बघितला, तिसरा बघितला. एकही आपल्या जागी नव्हता. मग ती पट्टे मांडीत घेऊन तिथंच खाली बसली. रडवेली झाली होती. महिन्याची मेहनत होती ती.

"आमच्यात बदलत्यात," केराबाई शेवटी पुटपुटली. "परक्याची नजर पडली की."

राजनंदिनीनं डोळे पुसले. भांडायला तोंड उघडलं आणि मध्येच तिचा चेहरा बदलला. "म्हणजे त्या दिवशी एडक्याचा पट्टा चांदीच्या गळ्यात होता?"

"व्हय."

"बंद पडला तो."

तिनं लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि भराभरा काहीतरी टाईप करू लागली. टाकून दिलेले निरोप तिनं परत काढले. एडका कायम कळपाच्या पुढं. त्याचा निरोप एकट्यानं, मागून, घरांच्या पलीकडून आला होता, म्हणून प्रोग्रामनं तो खोटा ठरवला होता. आता तिनं त्या पट्ट्याला चांदीचं नाव दिलं. पडद्यावरचा भला मोठा गोल आवळत आवळत आला आणि कॉलनीच्या मागच्या एका प्लॉटवर थांबला.

"इथून शेवटचं बोलली ती," पोरगी म्हणाली.

केराबाई तिच्याआधी निघाली. ऊन अजून डोक्यावर होतं. तो प्लॉट म्हणजे कुणीतरी अर्ध्यात सोडलेलं बंगल्याचं बांधकाम. मागच्या बाजूला सुबाभूळ माजली होती, आणि तिचा कोवळा पाला जिथं लोंबत होता तिथंच खाली पाण्याच्या टाकीसाठी खणलेला खोल खड्डा, वरून झुडपांनी झाकलेला. वास लांबूनच आला. राजनंदिनीनं नाकाला ओढणी लावली. केराबाई काठावर पालथी पडली आणि आत बघितलं.

चांदी तळाशी होती. तिच्याखाली जुनी हाडं होती, एकीची नव्हेत. हाडांत मातीनं भरलेली काशाची घंटी.

पोरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती एवढंच म्हणाली, "हितंच हाका मारल्या म्हनला हुता त्यो." तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की चांदीसाठी रडायलाही तोंड उरलं नाही. मग तिनं जवळच्या दुसऱ्या बांधकामावरच्या गवंड्याला बोलावलं, शिडी लावायला लावली आणि ती घंटी वर काढून घेतली.

सिदूला फोन लावून द्यायला पोरगी तयार होती. केराबाई नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी राजनंदिनीला वाघुरीपाशी बसवून, म्हणजे सबंध कळप एका परकीच्या हवाली करून, ती करकंबच्या एसटीत बसली. असं काही तिनं आयुष्यात केलेलं नव्हतं.

सिदू मामाच्या दारात वैरण तोडत होता. तिला बघून त्यानं कोयता खाली ठेवला, पण उठला नाही. केराबाईनं पदराची गाठ सोडली आणि घंटी त्याच्यासमोर ठेवली.

"मोरीची," तो म्हणाला.

"खड्ड्यात हुती. तिगी बी तितंच." ती खाली बसली. "चुकलं माजं, सिदू. तू खरं बोलत हुतास."

सिदूनं घंटी उचलली, अंगठ्यानं माती काढली. "घंटी गावली म्हनून इस्वास बसला तुजा," तो म्हणाला. "न्हाय गावली असती तर?"

केराबाई त्याच्या कानाशी वाकली आणि सासूनं पोटात ठेवायला सांगितलेला आकडा, कळपातल्या मेंढरांचा, तिनं त्याला सांगून टाकला. बिरप्पालाही कधी सांगितला नव्हता.

सिदू दचकला. आजूबाजूला बघितलं. "असं दारात बसून सांगत्यात व्हय?" तो तिच्यावर चिडला. "दिष्ट लागंल की."

मग तो उठला आणि घोंगडं आणायला आत गेला.

परतीच्या एसटीत तो तिच्याजवळ बसला नाही. राग होताच. तो मागं जाऊन बसला. केराबाई पुढच्या शिटावर, घंटी मांडीवर घेऊन. पंढरपूरला गाडी बराच वेळ थांबली, माणसं उतरली, चढली. मोहोळलाही कुणीकुणी उतरलं. सोलापूर येईपर्यंत केराबाईनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.