उत्तनच्या वाटेवरचं गाऱ्हाणं

पडदा वर जातो, तेव्हा मंचावर एक काळी-पिवळी फियाट उभी आहे. मागे बोरिवलीची चाळ. साल १९८६, माघातली सकाळ. मागच्या सीटवर दोन उशांना टेकून सुगंधा. पुढे तिचा नवरा दशरथ आणि शेजारी मी.

दशरथ आमच्या कामगार नाटक मंडळीत पडदा ओढायचा आणि प्रयोगाआधी नारळ फोडून देवाला कोकणी रीतीचं गाऱ्हाणं घालायचा. गिरणी बंद पडल्यावर टॅक्सी चालवू लागला. सुगंधा तालमींना चहा आणायची, आणि मी वाक्य विसरलो की खदाखदा हसायची. असा दिलदार प्रेक्षक मला पुन्हा मिळाला नाही. आता पोटातल्या गाठीने तिला पार वाळवलं होतं. देवगडला, तिच्या गावापर्यंतचा प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिची इच्छा एकच: समुद्रासमोर नवऱ्याने आपल्यासाठी गाऱ्हाणं घालावं.

भाईंदरची मिठागरं मागे टाकून आम्ही उत्तनच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला टेकडी, दुसरीकडे माडांमधून चमकणारं पाणी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, वळणावळणावर दगडी क्रूस.

"अगदी तुमचं गावच गं!" मी म्हटलं.

"भाऊराव, नाटक पुरे," ती म्हणाली. "आमच्या गावात येवढे क्रूस खंय?"

गोराईच्या किनाऱ्यावर दशरथाने तिला उचलून वाळूत बसवलं. नारळ हातात घेऊन त्याने आवाज लावला, "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" मी साथ दिली.

पण पुढे शब्दच येईना. गाऱ्हाण्यात आधी त्या जागेच्या राखणदार देवाचं नाव घ्यावं लागतं.

"अरे, तुमच्या गावच्या रवळनाथाला हाक मार ना!" मी म्हटलं.

"त्याची राखण गावच्या शिवेपर्यंत. हयलो राखणदार कोण, माका म्हायत नाय."

मी बोंबील उलटवणाऱ्या बाईला विचारलं. तिने चर्चच्या क्रुसाकडे बोट दाखवलं. दशरथाने तिकडेही हात जोडले. पण त्या देवाशी कोणत्या शब्दांत बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नारळ फुटला नाही.

सुगंधा त्यानंतर आठ दिवस जगली, पण बोलली नाही. तिचं शेवटचं बोलणं त्या वाळूतलंच, नवऱ्याची बाही ओढून:

"ऱ्हवांदे ओ. आता माझ्यासाठी काय एक मागू नकात. घराक चला."