उघड्या काठाची टोपली

समजा, तुमच्या मांडीवर भिजवलेला वेत आहे. टोपलीचं बूड विणून झालं, भिंती वर उचलल्या, बोटांची सालं निघाली. आता फक्त काठ बांधायचा राहिलाय. आणि नेमकं इथेच तुम्हाला हात थांबवायचे आहेत. वेताची टोकं बाहेर डोकावत असलेली टोपली दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची आणि जिच्याशी बोलणं बंद आहे तिची वाट बघायची.

माझी मावशी हे जन्मभर करत आली. आमच्या लोकांत टोपली जिने विणली तिने काठ बांधायचा नसतो. जिच्याशी बिनसलंय तिने यायचं, समोर बसायचं. एकीने टोपली धरायची, दुसरीने काठ बांधायचा. माफी मागायची सक्ती नाही. पण चार हात एका टोपलीत गुंतले की तोंडं फार वेळ मिटून राहत नाहीत. पहिलं वाक्य बहुधा टोमणाच असतो.

"जरा सैल धर. टोपली आहे, माझी मान नव्हे."

आम्ही इथले मूळचे. शहर नंतर आलं, आमची घरं गेली आणि आम्हाला एकसारख्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर नेऊन बसवलं. बोली विरत गेली. काठ बांधणं तेवढं टिकलं, तेही मावशीमुळे. ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात इस्त्रीयंत्राच्या गरम रुळांतून निघालेल्या चादरींच्या घड्या घालते. आमच्यातल्या बऱ्याच बायका तिथेच आहेत. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून काठ बांधले जायचे. मुलगा गेल्यापासून त्यांच्यातली एक कुणाशी बोलेनाशी झाली होती. मावशीने "तुझ्या घड्या वाकड्या" म्हणत तिच्याशी मुद्दाम भांडण उकरून काढलं आणि काही दिवसांनी टोपली पुढे केली. काठ बांधता बांधता ती बाई आधी भांडली, मग रडली, मग मावशीच्याच डब्यातलं जेवली.

माझी आई मावशीची धाकटी बहीण. शिकली, शहराच्या कचेरीत लागली, वस्तीपासून लांब राहायला गेली. मला आमची बोली येत नाही, कारण आईने ती घरात येऊच दिली नाही. आजी गेली त्या दिवशी मावशीच्या खोलीत उभं राहून आईने साहेबांना फोनवर सांगितलं, "उद्या येते. शेजारच्या एक आजी वारल्या."

मावशी तेव्हा आजीचे पाय पुसत होती. तिने मान वर केली नाही.

दोघींचं बोलणं तिथे थांबलं. मग आजीने सोलून ठेवलेल्या वेताची मावशीने टोपली विणली आणि खिळ्याला अडकवली. कुणासाठी, ते सगळ्या इमारतीला कळलं.

"तुझी साहेबीण येईपर्यंत त्यात पाखरं घरटं करतील," शेजारीण म्हणाली.

"करू देत. पिल्लं उडाली की धुऊन घेईन."

शेवटी एकदा आई आली. मी बरोबर होते. आईने खिळ्याजवळ थांबून सुट्या टोकांवरून बोट फिरवलं. मावशीने लगेच पाण्याचं घमेलं पुढे ओढलं.

"बस."

"आज नाही जमायचं, ताई. दे, मी घरी नेऊन बांधते."

"घरी? आणि धरणार कोण?"

"ही धरेल की." आईने माझ्याकडे बघितलं.

असं कुणी कधी केलं नव्हतं. मावशी घुटमळली. पण इतक्या दिवसांनी 'ताई' ऐकलं होतं, तेवढ्यावर ती विरघळली. टोपली तिने स्वच्छ फडक्यात गुंडाळून आईच्या हातात दिली.

मला आईने टोपली धरायला बोलावलं नाही. दुसऱ्याच दिवशी टोपली तिच्या कचेरीत गेली.

मग शहराने मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचं दालन उघडलं. आता आमचं असणं मिरवण्याजोगं झालं होतं आणि त्या कामाची प्रमुख माझी आई होती. उद्घाटनाला मावशी ठेवणीतले कपडे घालून, धुलाईतल्या बायकांना घेऊन आली. पहिल्याच काचेच्या पेटीत टोपली होती. काठ बांधलेला. मी यंत्रांचे सुटे भाग तपासते, त्यामुळे माझी नजर टाक्यांवर गेली. सगळे एका मापाचे. मावशीला टाके तपासायची गरजच नव्हती. आपल्या बहिणीचा हात तिला ठाऊक होता, हा तो नव्हता.

"कुणी बांधला?"

"इथल्या कारागिराने," आई म्हणाली. "अर्धवट कशी ठेवणार, ताई? लोकांना वाटलं असतं, आपल्याला पुरी करता येत नाही. छान झालाय ना?"

"छान आहे. पण त्याच्याशी माझं भांडण नव्हतं."

पाहुणे बघत होते, म्हणून आई हसली. मग तिने मावशीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "ही माझी थोरली बहीण. आम्ही इथल्याच, मूळच्या." हे वाक्य चारचौघांत एकदा ऐकायला मिळावं म्हणून मावशी किती वर्षं थांबली होती. तिने तो हात हळूच खाली काढून ठेवला आणि बायकांना म्हणाली, "चला."

त्यानंतर धुलाईत एकही टोपली विणली गेली नाही. रुळांवर समोरासमोर काम करणाऱ्या दोघींचं बिनसलंय. चादरीची दोन टोकं धरतात, एकमेकींकडे बघत नाहीत. "दालनात पाठवा," कुणीतरी म्हणालं, "तिथे आयता काठ बांधून मिळतो." कुणी हसलं नाही.

एका भांडणाला एकच टोपली, असा आमचा रिवाज आहे. मावशीला आईसाठी दुसरी विणता येत नाही. खिळा तिने काढलेला नाही.

परवा गेले तेव्हा ती घरच्या चादरीची घडी घालत होती. एक टोक तिने माझ्या हातात दिलं. घडी जुळली तरी ती आपलं टोक सोडेना.

"तिने टोकांवरून बोट फिरवलं होतं, तूही पाहिलंस," ती म्हणाली. "तुझी आई आहे, तुला कळत असेल. त्या दिवशी ती काठ बांधायलाच आली होती आणि नंतर तिचं मन फिरलं? की जिना चढतानाच तिच्या डोळ्यांसमोर ती पेटी होती?"